पाथरी परगणा आणि दक्षिणी शाह्यांचे संधि

दक्षिणेंतील पांच शाह्या एक राहत्या तर या देशांत शांतता नांदली असती, असें म्हणण्याचा आपल्या इतिहासलेखनांत प्रघात आहे. संधि झाला कीं शांतता, संधि मोडला कीं लढाई, असें हें सोपें गणित. सांप्रत परभणी जिल्ह्यांत असलेल्या पाथरीच्या एका तंट्यावर हें गणित ताडून पाहावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

बहामनी राज्य फुटल्यावर पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे गेली. परंतु अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी होते, असें फिरिस्ता लिहितो. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दींत त्याच्या ब्राह्मण नातलगांनीं जुन्या वतनाची आस धरली, तेव्हां अहमदनगरनें पाथरीच्या मोबदल्यांत दुसरा मुलूख देऊं केला. अल्लाउद्दीन इमादशहानें तें नाकारून ठाण्याची मजबुती चालविली, बुऱ्हाणनें इ. स. १५१८ त अचानक चालून जाऊन ठाणें घेतलें.

या हकीकतीवर एक आक्षेप येतो. निजामशाही दरबाराच्या आश्रयानें लिहिणारा सय्यद अली तबातबा आपल्या 'बुऱ्हाने मआसिर'मध्यें याच घराण्यास बहामनी राजरक्ताशीं जोडतो. तें खरें मानलें तर पाथरीच्या कुळकर्णाचा पायाच ढांसळतो. उलट फिरिस्ता हाहि निःपक्ष नव्हे. अहमदनगर सोडून तो १५८९ मध्यें विजापुरास गेला व इब्राहीम आदिलशहाच्या पदरीं राहून त्यानें ग्रंथ लिहिला. एकास घराणें उंच करावयाचें, दुसऱ्यास तें खालीं आणण्यांत तोटा कांहींच नाहीं. तरीहि आम्हांस फिरिस्त्याचें म्हणणें अधिक ग्राह्य वाटतें. पाथरी जिंकल्यावर ती त्या नातलगांस इनाम दिली गेली व अकबराच्या काळापर्यंत त्यांच्याकडे चालली, असें तो सांगतो. निव्वळ कुचाळकी करणारास कुळाची निंदा पुरते. इनाम किती काळ चाललें याची नोंद करण्याची त्यास गरज पडत नाहीं.

आतां संधींकडे वळूं. १५२४ त सोलापुरास बुऱ्हाणचा विवाह इस्माइल आदिलशहाच्या बहिणीशीं, बीबी मरियमशीं, झाला. सोलापूर आंदण देण्याचें ठरलें होतें, असें अहमदनगर म्हणे. विजापूर तें देईना. ज्या लग्नानें दोन घरें जोडावयाचीं त्याच लग्नांतून पुढच्या वर्षीं सोलापुरावर स्वारी निघाली, आणि या स्वारींत बुऱ्हाणच्या बाजूस बेदरच्या अमीर बरीदाबरोबर वऱ्हाडचा इमादशहाहि होता! ज्याची पाथरी सात वर्षांपूर्वीं हिरावली तोच आतां दोस्त. या दोस्तींत पाथरीचा निकाल कांहींच लागला नाहीं, म्हणून १५२७ त इमादशहानें गोवळकोंड्याच्या सुलतान कुलीची मदत घेऊन ठाणें परत मिळविलें. बुऱ्हाणनें अमीर बरीदास घेऊन तें पुन्हां जिंकलें, पाडून जमीनदोस्त केलें, आणि माहूरहि घेतलें. इमादशहा खानदेशच्या मीरान महंमदाकडे धांवला, दोघेहि हरले. शेवटीं त्यांनीं गुजराथच्या बहादूरशहास बोलाविलें.

१५१८ त दोन दरबारांचा असलेला तंटा १५२८ त सहा दरबारांचा झाला, आणि प्रत्येक पायरीवर एक नवा मित्र आहे. बहादूरशहा वऱ्हाडांत उतरल्यावर त्याची नजर वऱ्हाडावरच आहे हें इमादशहाच्या ध्यानांत आलें, व बोलाविल्याचा त्यास पस्तावा झाला. पुढें तडजोड झाली. अहमदनगर व वऱ्हाड या दोन्ही ठिकाणीं खुत्बा बहादूरशहाच्या नांवानें पढविण्याचें ठरलें, आणि इमादशहास पाथरी-माहूर परत द्यावयाचें ठरलें. बुऱ्हाणनें मीरान महंमदाचे हत्ती तेवढे परत केले. हत्ती मिळतांच खानदेशचा दोस्त गप्प बसला. पाथरी कांहीं परत गेली नाहीं.

१९१४ त साराजेव्होच्या खुनानंतर ऑस्ट्रिया व सर्बिया यांचा तंटा सहा आठवड्यांच्या आंत बहुतेक साऱ्या युरोपाचा झाला, त्याची येथें आठवण होते. पण भेदहि आहे. तेथील बरेच करार आधींच लिहिलेले होते. येथील दोस्त्या लढाईच्या गरजेपोटीं जमत. तेव्हां सारा दोष लेखी करारांवर ढकलतां येत नाहीं.

उलट पक्षाचें प्रमाण तालिकोटचें. या वेळीं चांदबिबीच्या लग्नांत तेंच सोलापूर अली आदिलशहास आंदण म्हणून खरोखर दिलें गेलें. ज्या वस्तूसाठीं भांडण ती वस्तु आधीं हातावेगळी झाली, म्हणून हा संधि जानेवारी १५६५ मध्यें रणांगणावर टिकला. त्याची किंमत मात्र विजयनगरानें भरली. त्यानंतर थोड्याच वर्षांत याच दोन दरबारांनीं आणखी एक करार केला : आदिलशहानें कर्नाटकांत मुलूख जिंकावा, निजामशहानें वऱ्हाड घ्यावें. दोघांत शांतता राहिली, ती तिसऱ्याच्या राज्यावर. १५७४ त मुर्तजा निजामशहानें इमादशाही बुडविली. ज्या एकीसाठीं आपले लेखक हळहळतात ती अशीहि असते, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावयास हवें.

कागद जमविणाऱ्या मंडळींस येथें एक विनंती करावयाची आहे. मोहोरबंद तहनामा हातीं आला कीं तो मखमलींत गुंडाळून ठेवला जातो. कुळकर्ण्याच्या दप्तरांतील महजर, इनामपत्र, शिवेच्या भांडणाची कैफियत हीं मात्र रद्दींत जातात. पाथरीच्या प्रकरणांत तहनाम्यांतून फार तर कोण कोणाच्या बाजूस होता एवढें कळेल; भांडण कशाचें होतें तें वतनाच्या कागदांतच शोधावें लागेल. गोदाकांठच्या जुन्या वाड्यांतील असे रुमाल वाळवीच्या हातीं जाण्यापूर्वीं पाहिले पाहिजेत.

१५९६ त चांदबिबीनें वऱ्हाड मोंगलांस दिलें. ज्या परगण्यासाठीं सहा दरबार फिरले तो 'आईने अकबरी'त पाथरी सरकार म्हणून दाखल आहे, आणि तोहि वऱ्हाड सुभ्यांतच.