गर्ट्रूडच्या महालातली सर्वनामे

इंग्रजी व्याकरणात सर्वनामांचे प्रकार ओळीने येतात: पुरुषवाचक, स्वामित्वदर्शक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, नामाची पुनरुक्ती टाळण्यासाठी वापरलेला शब्द. ती पाठ झाली की विद्यार्थ्याने 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकातला चौथा प्रवेश वाचावा, असे मला मनापासून वाटते. 1600च्या आसपास लिहिलेल्या या नाटकात सर्वनाम येते ते बहुधा नाम तोंडावर आणवत नाही म्हणून.

त्या काळच्या इंग्रजीत समोरच्या एका माणसासाठी दोन सर्वनामे होती. 'दाऊ' हे धाकट्याला, चाकराला, जिवलगाला, आणि संतापाच्या भरात कुणालाही. 'यू' हे मानाचे. राणी गर्ट्रूड मुलाला आपल्या महालात बोलावून घेते आणि पहिल्याच वाक्यात 'दाऊ' म्हणत तक्रार करते, की त्याने वडिलांना फार दुखावले आहे. वडील म्हणजे तिचा नवा नवरा. हॅम्लेट तिचेच वाक्य तिला परत करतो. फक्त 'दाऊ'चे 'यू' होते आणि 'तुझे वडील' याचे 'माझे वडील'. बोलणारा बदलला की स्वामित्वदर्शक सर्वनाम बदलणारच, तो व्याकरणाचा साधा नियम. पण त्या नियमाच्या आडून वडीलच बदलले आहेत. आता वाक्यात हॅम्लेटचा खरा बाप, मेलेला राजा आहे, आणि त्याचा अपराध केला आहे आईने.

इथे मराठी वाचकाने जरा जपून वाचावे. आपण आईला 'तू' म्हणतो, त्यामुळे हॅम्लेटचे 'यू' आपल्याला लगेच परके वाटते. पण त्या काळच्या खानदानी घरात आईला 'यू' म्हणणे हीच रीत होती. खरा धक्का पुढच्याच वाक्यात आहे. तिथे गर्ट्रूड स्वतः 'दाऊ' सोडून 'यू'वर येते. आईने मुलावरचा एकेरी हक्क काढून घेतला, आणि तोही एका श्वासात. थोड्याच वेळात हा आपल्याला मारणार की काय, या भीतीने ती किंचाळते तेव्हा पुन्हा 'दाऊ' बाहेर पडते. रीतभात सुटली की पोटातले सर्वनाम ओठावर येते. पडद्यामागे लपलेला राजाचा मंत्री पोलोनिअस हॅम्लेटच्या हातून मरतो, आणि मरून पडलेल्या त्याला हॅम्लेट 'दाऊ'च म्हणतो. आईला मात्र तो या सबंध प्रवेशात 'यू'वरून खाली आणत नाही, शब्द कितीही जहरी असले तरी.

मला सर्वांत थोर वाटते ते यानंतरचे, मेलेला राजा आणि राणीचा नवा नवरा या दोन भावांच्या तसबिरींचे भाषण. तसबिरी दाखवताना पहिल्या 'धिस'पुढे 'चित्र' हे नाम आहे, म्हणजे तो विशेषण. दुसरा 'धिस' एकटाच उभा, म्हणजे सर्वनाम. एकाच ओळीत दोन्ही प्रयोग! पुढे हॅम्लेट आईला विचारतो की यावरून यावर जाणारी ही कसली बुद्धी, तेव्हा दोन्ही माणसांना तोच एक शब्द पुरतो. एक देवासारखा, दुसरा किडलेल्या कणसासारखा, आणि व्याकरणात दोघांत तिळाएवढा फरक नाही. फरक फक्त बोटाचा. 'दॅट' हाताशी होता. दूरच्या माणसाला तो शोभलाही असता. पण हॅम्लेटला दोघांनाही आईच्या डोळ्यांजवळ आणायचे आहे.

नावे तो घेत नाहीच. नव्या राजाचे क्लॉडिअस हे नाव तर अख्ख्या नाटकात एकाही पात्राच्या तोंडी येत नाही. ते रंगसूचनेतच राहते.

या तसबिरी कुठे असाव्यात हे संहितेत सांगितलेले नाही. कुणी त्या भिंतीवर लावतात, कुणी एक हॅम्लेटच्या गळ्यात आणि दुसरी राणीच्या गळ्यात पदकासारखी घालतात. मला गळ्यातल्या पसंत आहेत. तिथे दुसरा 'धिस' म्हणायला नटाला आईच्या छातीपाशी हात न्यावा लागतो.