घरचा संगणक आणि दांपत्यातील गुप्तता : एका न्यायनिर्णयाची चिकित्सा

पतीने पत्नीशी झालेले संभाषण तिच्या नकळत ध्वनिमुद्रित केले असता ते घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येईल काय, या प्रश्नाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला. न्या. बी. व्ही. नागरत्ना व न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या पीठाने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा २०२१ चा निर्णय रद्द ठरवून भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयाचा आदेश कायम केला. यावरून असा समज होण्याचा संभव आहे की, भांडण न्यायालयात गेले म्हणजे एका जोडीदाराने दुसऱ्याचा संगणक उघडून पाहण्यास कायद्याची हरकत उरत नाही. हा समज निर्णयाच्या शब्दांत नाही. पण त्याच्या युक्तिवादात त्यास वाव आहे, आणि तोच येथे तपासावयाचा आहे.

१८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम १२२ ने (१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १२८) विवाहकाळातील पतिपत्नींच्या परस्पर निवेदनांस संरक्षण दिले. तथापि त्या दोघांमधील दावा त्याच कलमाने अपवाद म्हणून वगळला. न्यायालयाने हा अपवाद जसा आहे तसा वाचला, हे बरोबरच झाले. कलमाचा हेतू विवाहसंस्थेचे पावित्र्य राखणे हा आहे, व्यक्तीचा खाजगीपणा राखणे हा नव्हे, हे विवेचनही कलमाच्या शब्दांशी सुसंगत आहे. पुढे न्यायालय म्हणते की, पतिपत्नी एकमेकांवर पाळत ठेवू लागली असतील तर ते नाते मोडल्याचे लक्षण होय, कारण नव्हे. संसाराचे वर्णन म्हणून हे खरे आहे. परंतु ताप हे लक्षण आहे म्हणून तो उतरवू नये असे कोणी वैद्य म्हणत नाही. २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणास मूलभूत हक्क मानले, त्यानंतर हा मुद्दा इतक्या थोडक्यात आटोपावयास नको होता.

खरी अडचण आधारभूत धरलेल्या जुन्या निर्णयात आहे. ध्वनिमुद्रण अयोग्य मार्गाने मिळाले तरी ते संबद्ध, ओळखता येण्याजोगे व अचूक असल्यास ग्राह्य, हे सूत्र मुंबईच्या एका कॉरोनरविरुद्ध चाललेल्या लाचप्रकरणातून, १९७२ च्या निर्णयातून, आले आहे. तेथे १९६४ साली पोलिसांनी दूरध्वनीस ध्वनिमुद्रक जोडला होता. पण बोलणाऱ्या दोघांपैकी डॉक्टरची त्यास संमती होती. भटिंड्याच्या प्रकरणातही मुद्रण करणारा पती स्वतः संभाषणातील एक पक्ष होता. जे आपल्याला उद्देशून बोलले गेले ते जपून ठेवणे, आणि जे दुसऱ्या कोणास लिहिले गेले ते काढून वाचणे, या दोन कृती एका जातीच्या नाहीत. संगणकात मुख्यतः दुसऱ्या प्रकारचाच मजकूर असतो : आईला लिहिलेले पत्र, मैत्रिणीस पाठविलेला निरोप, बँकेचा हिशेब, आणि दावा उभा राहिल्यावर वकिलाशी झालेला पत्रव्यवहार. यांपैकी काहीही कलम १२२ च्या कक्षेत येत नाही. मग त्या कलमाचा अपवाद यांस लागू होणार कसा? वकिलाशी झालेल्या व्यवहारास तर स्वतंत्र संरक्षण आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये नेमक्या अशाच प्रकरणात, पत्नीची इतरांशी झालेली संभाषणे साठविलेली हार्ड डिस्क स्वीकारण्यास नकार दिला होता. २०२५ नंतर त्या निष्कर्षाचे बळ कमी झाले असेल. वस्तुस्थितीतील भेद मात्र पुसला गेलेला नाही.

ग्राह्यता म्हणजे परवानगी नव्हे, हेही विसरले जाते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या अनुमतीवाचून संगणकात शिरणे, त्यात हेरगिरीचा प्रोग्रॅम घालणे, या गोष्टींस मनाई करते. लबाडीच्या हेतूने तेच केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु घरात मालक कोण? माहेरहून लग्नात मिळालेला लॅपटॉप १९८५ च्या निर्णयातील तत्त्वानुसार स्त्रीधन ठरू शकेल. दिवाणखान्यातील, नवऱ्याच्या पगारातून घेतलेला व मुलांनीही वापरलेला संगणक कोणाच्या ताब्यात आहे, याचे उत्तर अधिनियमात नाही. कायदा येथे मोघम आहे, आणि म्हणूनच खबरदारीचे काम ज्याचे त्यासच करावे लागते.

ही खबरदारी कोणत्या क्रमाने घ्यावी यास मोठे महत्त्व आहे. ज्या यंत्रावर पाळतीचा प्रोग्रॅम असण्याची शंका आहे त्याच यंत्रावर पासवर्ड बदलणे म्हणजे नवा पासवर्ड पाहणाऱ्याच्या हाती देणे होय. म्हणून दुसऱ्याचा हात न लागलेल्या यंत्रावर नवे ईमेल खाते उघडावे. ते परत मिळविण्यासाठी द्यावयाचा क्रमांक स्वतःचाच असावा (आपल्याकडे पत्नीचे सिमकार्डही पुष्कळदा पतीच्या नावावर असते). मगच जुन्या खात्यांचे पासवर्ड तेथून बदलून इतर सर्व यंत्रांवरील प्रवेश बंद करावा. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड व क्लाऊडवर आपोआप चढणारी छायाचित्रे या दोन वाटा बहुधा उघड्याच राहतात. घरी मारहाणीचे भय असेल तर अचानक झालेला बदलच संशय उत्पन्न करतो. तेथे २००५ च्या अधिनियमाखालील संरक्षण अधिकाऱ्याचा अथवा वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. आणि दावा चालू असताना संगणक पुसून टाकू नये. पुरावा नष्ट केल्याचा आरोप हा पाळतीपेक्षा महाग पडतो.

निर्णयाने ज्याकडे पुरेसे पाहिले नाही असे एक स्थळ भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करणाऱ्यास प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्याच्या नमुन्यात ते साधन कायदेशीर नियंत्रणाखाली होते असे विधान असते. दुसऱ्याचे ईमेल चोरून काढणाऱ्या जोडीदाराने हा रकाना कसा भरावयाचा? तो खरे लिहील तर प्रमाणपत्र अपुरे, आणि खोटे लिहील तर शपथेवर असत्य. उलटतपासणीत वकिलाने पहिला प्रश्न येथूनच विचारावा.