लिंगो मरून उठला, पण कशासाठी?

मागच्या पोस्टनंतर दोघातिघांनी विचारलं की ‘ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि पारंपरिक श्रद्धा’ असा विषय घेतला तर वाचायचं आफ्रिकेबद्दलच का? कारण इंग्रजीत या विषयावर सगळ्यात जास्त भांडण आफ्रिकेबद्दल झालंय. पण आपण नागपुरात बसलोय, आणि याच भांडणाचा एक जुना दस्तऐवज याच शहरात तयार झालाय. आज त्या पुस्तकाची थोडी उलटतपासणी करू.

पुस्तक १८६६ चं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. दगडांचा, जीवाश्मांचा नाद, गोंडी भाषेचाही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते वाहून गेले. मागे राहिलेली टिपणं मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापली. त्यात सगळ्यात मोलाचं काय असेल तर प्रधानाकडून मिळालेलं लिंगोचं गीत. प्रधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी भाषांतर. मूळ छापलं, हे हिस्लॉप-टेंपल यांचे उपकारच समजा. नाहीतर पुढची सगळी टीका हवेत करावी लागली असती.

गीताचे पाच भाग आहेत. कथा थोडक्यात अशी. गोंड जन्मतात. महादेव त्यांना गुहेत कोंडतो. सोळा खळी भरतील इतके गोंड, असं माप गीतात येतं. (आम्ही कळमन्याचे लोक, यार्डात धान्याच्या राशी रोज बघतो, म्हणून हे माप मला लगेच भिडलं. माणसं मोजायची तर खळ्याने! हे शेतकऱ्याचं गीत आहे.) चार भाऊ बाहेर राहतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांच्यात येतो, त्यांना जगायला शिकवतो. भावांच्या बायका त्याच्यावर भाळतात, तो नकार देतो, त्या उलटा आळ घेतात, आणि भाऊ त्याला मारतात. मग अमृत येतं, लिंगो उठतो, आणि कोंडलेल्या गोंडांना सोडवतो.

आता ख्रिस्ती वाचकाच्या जागेवर बसून हे वाचा. चमत्कारिक जन्म, आपल्याच माणसांकडून घात, मृत्यू, पुनरुत्थान, बंदिवानांची सुटका. मध्ये योसेफ आणि पोटीफरची बायकोसुद्धा! जेम्स फॉर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या पुस्तकात हेच गीत इंग्रजी पद्यात आणलं, लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या चालीवर, आणि नायकाला चक्क ‘सेंट लिंगो’ करून टाकलं. एका विशेषणात गोंडांचा पूर्वज चर्चच्या दारात उभा.

माझा आक्षेप साम्य दाखवण्याला नाही. साम्य आहेच. आक्षेप हा की सगळे सुटकेपर्यंत वाचतात आणि शेवटचे भाग उरकून टाकतात. शेवटच्या भागांत लिंगो काय करतो? पापाची क्षमा देत नाही, स्वर्गाची वाट दाखवत नाही. तो माणसांचे गट पाडतो, कोणी कोणाशी सोयरीक करायची ते ठरवतो आणि देवांची पूजा लावून देतो. म्हणजे मरून उठणं हा कथेचा कळस नाहीच. ती सोयऱ्या-भावकीची घटना लिहिण्याची पूर्वतयारी आहे. ‘तारण’ हा शब्द इथे लावला की गीताचा शेवट निरुपयोगी वाटायला लागतो. एखादी संकल्पना वापरल्यावर मजकुराचा मोठा भाग ‘अनावश्यक’ ठरत असेल, तर संशय मजकुरावर घ्यायचा की संकल्पनेवर? सिनॉप्सिस लिहिताना हे स्वतःला विचाराच.

दुसरा मुद्दा ‘पेर्सा पेन’चा. शब्दशः मोठा देव. यालाच बडादेव म्हणतात, आणि बडादेव म्हटलं की लेखकाच्या डोळ्यासमोर एकमेव परमेश्वर उभा राहतो. पण क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ यांचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं १९४८ चं पुस्तक उघडा. तिथे पेर्सा पेन हा कुळाचा देव आहे, प्रत्येक कुळाचा आपला. लोखंडी भाल्याचं पातं आणि चवरी ही त्याची चिन्हं. कुळातले मेलेले त्याच्याकडे जातात. ‘मोठा’ म्हणजे विश्वात मोठा नाही, आपल्या घरात मोठा.

इथे आफ्रिका कामाला येते. युगांडाचे कवी-अभ्यासक ओकोट प’बिटेक यांनी सांगितलेली गोष्ट आहे. इटालियन मिशनऱ्यांनी अचोली वडीलधाऱ्यांना विचारलं, तुम्हाला कोणी निर्माण केलं? अचोलीत ‘निर्माण करणं’ असा सुटा शब्दच नव्हता, म्हणून प्रश्न झाला, तुम्हाला कोणी घडवलं, वळवलं? पाठीचा कणा वाकवून कुबड आणणारा रुबांगा नावाचा उपद्रवी आत्मा तिथे होता. उत्तर आलं, रुबांगा. आणि तोच ख्रिस्ती देवाचं नाव झाला. प’बिटेक यांचा राग फक्त मिशनऱ्यांवर नाही. जॉन म्बिटी, बोलाजी इडोवू यांच्यासारख्या आफ्रिकी धर्मशास्त्रज्ञांवरही आहे, की तुम्ही आपल्या देवांना ग्रीक झगे चढवताय.

याच्या नेमकं उलटं आपल्याकडे गोव्यात झालं. थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ घेतला, सैतानासाठी ‘देवचार’. गोव्यातल्या हिंदू गावांत देवचार हा राखणदार आहे, रात्री शिवारावर फिरणारा. ख्रिस्ती कोकणीत आजही देवचार म्हणजे सैतान. पोथीतला शब्द वर चढवला, गावातला खाली ढकलला. मला हे अतिशय बोलकं वाटतं. नवा धर्म सगळ्या जुन्या श्रद्धांशी सारखा वागत नाही, आधीच प्रतिष्ठा असलेल्याशी तो आधी बोलणी करतो.

लामिन सान्नेह यांचा उलट युक्तिवादही वाचा, १९८९ चा. ते म्हणतात, स्थानिक शब्द घेतला की धर्म मिशनऱ्याच्या हातातून सुटतो, तो बोलणाऱ्यांचा होतो. पटण्यासारखं आहे. पण रुबांगा आणि देवचार यांना हे लागू कसं करायचं, यावर मी अजून अडून आहे.

आणि आता अवघड भाग. नागपूरचेच मोतीरावण कंगाली, गोंडी भाषेचे मोठे अभ्यासक, २०१५ मध्ये वारले. ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ या त्यांच्या ग्रंथाने लिंगोला ना संत ठेवलं, ना हिंदू अवतार होऊ दिलं. लिंगो हा कोया पुनेमचा संस्थापक, त्याचं स्वतंत्र दर्शन, अशी मांडणी केली. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेला माघ पौर्णिमेला लोटणारी गर्दी बघितली की या मांडणीची ताकद कळते. पण संस्थापक, तत्त्वज्ञान, ग्रंथ हा साचा कुठला? धर्म म्हणजे असंच काहीतरी असतं, हे आपण कोणाकडून शिकलो? प’बिटेक यांचा प्रश्न इथेही विचारावा लागतो, आणि नागपुरात तो विचारायला जरा धैर्य लागतं. कारण २०११ च्या जनगणनेत ‘इतर धर्म’ या रकान्यात सुमारे १० लाख लोकांनी आपला धर्म गोंडी असा लिहवून घेतलाय. वेगळी ओळख हवी तर रकान्यात बसेल असा धर्म दाखवावा लागतो. कंगाली यांनी साचा घेतला तो या गरजेतून, असं मी वाचतो. हिस्लॉप यांना तो आयताच मिळाला होता. हा फरक छोटा नाही.

बस्तरच्या मुरियांचा लिंगो मात्र दोघांच्याही पकडीत येत नाही. व्हेरियर एल्विन यांच्या १९४७ च्या ग्रंथात तो घोटुलाचा कर्ता आहे आणि अठरा वाद्यं एकटा वाजवतो. (एल्विन स्वतः पाद्री होते, नागपूरच्या बिशपशी बिनसलं आणि १९३५ मध्ये चर्चच सोडलं. त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहीन.) ज्यांना या विषयावर पेटनंतर काम करायचंय त्यांनी १८६६ च्या पुस्तकातले गीताचे शेवटचे भाग आणि मुरियांचा लिंगो शेजारी ठेवून वाचायला घ्या, इंग्रजी भाषांतराआधी गोंडी ओळ, जमेल तशी, एखाद्या गोंडी बोलणाऱ्याला सोबत घेऊन.