बूड आणि भांडे

अमेरिकेतील जुन्या कलात्मक मातीकामाच्या संग्राहकाच्या हाती एखादी फुलदाणी द्यावी, तर तो प्रथम ती उलटी करतो. बुडावर काय कोरले आहे ते वाचल्यावाचून, अंगावर काय उमलले आहे याविषयी मत देण्यास तो सहसा धजत नाही. या सवयीची थट्टा करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही. कारण दस्तऐवजाची सही, शिक्का व तारीख आधी पाहावी आणि मजकूर मागाहून वाचावा, ही आमच्या व्यवसायाचीही रीत आहे. परंतु सही खरी ठरली म्हणजे मजकूर खरा ठरतो काय, आणि मजकूर खरा ठरला तरी तो सरस ठरतो काय, हे दोन प्रश्न मागे उरतातच. कलेच्या टीकेला आरंभ तेथे होतो. संग्राहकांची बरीचशी चर्चा मात्र तेथेच संपते.

सिनसिनाटी येथील रुकवुड हा कारखाना घ्या. मारिया लाँगवर्थ निकल्स या बाईंनी तो १८८० मध्ये स्थापिला. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातील जपानी मातीकामाचा ठसा त्यांच्या मनावर उमटला होता. १८८७ मध्ये कातारो शिरायामादानी हा जपानी चित्रकार तेथे आला आणि मधली काही वर्षे वगळता १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राबला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात रुकवुडला सुवर्णपदक मिळाले. या कारखान्याची बुडावरील नोंद एखाद्या दक्ष निबंधकाला शोभावी अशी आहे. १८८६ मध्ये आर आणि पी ही अक्षरे जोडून त्याने आपली मुद्रा केली. पुढे दरवर्षी तिच्याभोवती एक ज्योत वाढवली. १९०० साली चौदा ज्योती झाल्या. १९०१ पासून खाली रोमन अंक येऊ लागला. शिवाय घाटाचा क्रमांक आणि चित्रकाराची खूण. मालात दोष असेल तर फुलीही आहे. इतका चोख पुरावा असल्यावर संग्राहक सुखावतो यात नवल नाही.

मात्र पुरावा जे सांगतो तेवढेच लोक पाहतात. रुकवुडच्या बुडावर चित्रकाराची खूण आहे. चाकावर घाट घडविणाऱ्या कारागिराची बहुधा नाही. म्हणून बाजारात चित्रकाराच्या नावाला मोल चढले आणि घाट मुका राहिला. याचा दोष केवळ बाजाराचा नव्हे. तपकिरी-पिवळ्या झिलईखाली छायाचित्रांवरून उतरविलेली मूळ अमेरिकन लोकांची व्यक्तिचित्रे ही रुकवुडची मोठी मानली गेलेली कामगिरी. पण त्यांत भांडे हे केवळ गोलाकार फळा झाले आहे. तेच चित्र लाकडावर असते तरी काही बिघडले नसते. याउलट हिरवट झिलईखाली मासे पोहतात तेव्हा झिलईच पाणी होते, घाट त्या पाण्याला आकार देतो, आणि एकाला दुसऱ्यापासून वेगळे करता येत नाही. आमच्या मते रुकवुडचे खरे यश येथे आहे. दोन्ही भांड्यांच्या बुडावरील मुद्रा मात्र एकच!

न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम महाविद्यालयात १८९५ मध्ये सुरू झालेल्या शाळेने या बाबतीत अधिक न्याय केला. तेथे चाक पुरुषांच्या हाती होते, नक्षी मुलींच्या हाती. तथापि बुडावर नक्षी करणारीच्या खुणेबरोबर जोसेफ मेयर या कुंभाराचीही अक्षरे कोरली जात. श्रमाची अशी वाटणी जेथे नोंदवली जाते, तेथे पाहणाराही घाट आणि नक्षी यांचा संवाद शोधू लागतो.

या साऱ्या पद्धतीची कसोटी पाहणारा मनुष्य म्हणजे मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी गावचा जॉर्ज ओर. १८५७ मध्ये जन्मलेला हा कुंभार माती स्वतः आणी, चाक स्वतः फिरवी, झिलई स्वतः देई. कागदासारख्या पातळ भिंती उभ्या करून तो त्या मुरडी, चुरगळी, चेपी. १८९४ च्या आगीत त्याचे दुकान जळाले, तेव्हा काळवंडलेली भांडी त्याने फेकली नाहीत. आपली जळालेली बाळे म्हणून जपली. लोकांनी त्याला वेडा ठरविले. १९१० च्या सुमारास त्याने काम थांबविले आणि १९१८ मध्ये तो वारला. मुलांनी त्या जागी मोटारदुरुस्तीचा धंदा चालविला, भांडी मात्र बांधून ठेवलेली राहिली. १९७२ मध्ये जेम्स कार्पेंटर या न्यू जर्सीच्या व्यापाऱ्याने ती हजारो भांडी विकत घेतली, तेव्हा कोठे जगाला ओर दिसला. पुढे जॅस्पर जॉन्ससारख्या चित्रकाराने त्याची भांडी आपल्या चित्रांत घेतली.

अखेरच्या वर्षांत ओरने बरीच भांडी झिलईवाचून ठेवली होती: एकदा भाजलेली, उघडी माती. बाजाराला रंगीत ओर अधिक आवडतो. म्हणून पुढे अशा काही भांड्यांवर परक्या हातांनी झिलई चढविली. येथे वकिलाने थबकावे. बूड खरे, सही खरी, घाटही ओरच्याच बोटांचा. आणि तरीही वस्तू बनावट! खऱ्या सहीच्या कोऱ्या जागेत दुसऱ्याने मजकूर भरावा, तसा हा प्रकार आहे. तो बुडावरून ओळखता येणार नाही. ओरची झिलई चुरगळलेल्या भिंतीशी कशी वागते, कोठे साचते, कोठे मागे सरते, हे ज्याने वर्षानुवर्षे डोळ्यांनी अभ्यासले आहे त्यालाच ते कळेल. म्हणजे रसिकता ही पुराव्यानंतरची चैन नाही. प्रसंगी तीच पुरावा होते.

भेगेविषयीचा नियमही असाच तपासून घ्यावा. केसासारखी एक चीर पडली की रुकवुडच्या भांड्याची किंमत घसरते. आमच्या वाचकांना खंडित मूर्तीचा नियम ठाऊक आहे. पण तो नियम प्राणप्रतिष्ठेशी बांधलेला आहे, आणि पार्थिव मूर्ती तर आपण स्वहस्ते पाण्यात सोडतो. नियमाला हेतू असतो. ज्या भांड्याची पूजा नाही आणि ज्यात पाणी भरायचे नाही, तेथे चीर किती महत्त्वाची हे त्या भांड्याच्या घडणीनेच सांगावे. गुळगुळीत चित्रफुलदाणीत ती खुपेल. ओरच्या चुरगळलेल्या भांड्यात ती कित्येकदा दिसणारही नाही.

संग्राहकांचे ऋण मात्र नाकारता येत नाही. १९७२ मध्ये प्रिन्स्टन येथे त्या काळच्या अमेरिकन हस्तकलेचे प्रदर्शन भरले, त्यापूर्वी या वस्तू बहुतांशी अडगळीत होत्या. रॉबर्ट एलिसन यांनी ओर जमविला, त्याच्यावर ग्रंथ लिहिला, आणि २००९ मध्ये आपला अमेरिकन मातीकामाचा मोठा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. असा संग्राहक मालक कमी आणि विश्वस्त अधिक असतो.

आमची सूचना इतकीच, की तपासणीचा क्रम बदलावा. आधी भांडे पाहावे, फिरवून पाहावे, आपले मत बनवावे. मग बूड वाचावे. बुडाने ते मत खोडले तर फिरून पाहावे. आणि मुद्रा अस्सल, तारीख अचूक, पण भांडे सामान्य, असे आढळल्यास तसे स्पष्ट म्हणावे, मग त्यासाठी कितीही पैसे मोजलेले असोत.