उर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' कादंबऱ्या : एक आस्वादक वाचन

प्रस्तावना :
बालकुमारांच्या अद्भुतरम्य कादंबरीकडे बहुधा निव्वळ करमणूक म्हणून पाहिले जाते. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) यांची अर्थसी मालिका या समजाला छेद देते. अर्थसी हा कल्पित द्वीपसमूह असून त्यावरील पाच कादंबऱ्या व एक कथासंग्रह १९६८ ते २००१ या काळात प्रसिद्ध झाले.

नाम आणि सामर्थ्य :
या जगात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते जाणणाऱ्यास तिच्यावर सत्ता प्राप्त होते. मात्र या सत्तेला समतोलाचे बंधन आहे; एका बेटावर मंत्राने पाऊस पाडला तर दुसरीकडे अवर्षण ओढवू शकते. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मधील गेड हा शेळ्या राखणारा मुलगा जादूच्या विद्यालयात शिकत असताना ईर्षेपोटी मृतात्म्यास पाचारण करतो आणि एक छाया जगात शिरते. अखेरीस तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. येथे शत्रूचा वध होत नाही. नायक स्वतःतील अंधाराचा स्वीकार करतो.

लेखिकेचा पुनर्विचार :
त्या विद्यालयात मुलींना प्रवेश नाही आणि स्त्रियांची जादू हीन मानली जाते. पहिल्या कादंबरीत ही व्यवस्था फारशी प्रश्नांकित होत नाही. 'द टूम्स ऑफ अटुआन' (१९७१) मध्ये तेनार ही पुजारीण नायिका आहे. तथापि तिच्या मुक्तीची वाट गेडच्या आगमनाने खुली होते. 'द फार्देस्ट शोअर' (१९७२) नंतर अठरा वर्षांनी आलेल्या 'तेहानू' (१९९०) मध्ये तेनार शेतकऱ्याची विधवा आहे, गेडने जादूचे सामर्थ्य गमावले आहे आणि दोघांच्या मध्ये आगीत होरपळलेली, अत्याचारग्रस्त मुलगी आहे. प्रथम वाचनात प्रस्तुत अभ्यासकाला ही कादंबरी संथ व निराशाजनक वाटली. पुनर्वाचनात लक्षात आले की, अपेक्षाभंगाचे कारण आपल्याच पराक्रमाच्या कल्पनेत होते. स्वयंपाक, शेतीची कामे आणि भेदरलेल्या मुलीची शुश्रूषा यांतच लेखिका सामर्थ्य शोधते. संकटाचे निवारण शेवटी ड्रॅगनच्या आगमनाने होते, ही मात्र रचनेतील उणीव म्हणावी लागेल.

समारोप :
स्वतः निर्मिलेल्या आणि वाचकप्रिय ठरलेल्या जगाची उलटतपासणी करण्याचे धैर्य दुर्मिळ असते. ले ग्विन यांनी ते बालवाचकांसमोर दाखविले. सत्ता कोणाची आणि कशासाठी, हा प्रश्न मुलांनाही विचारता येतो, हा विश्वास या मालिकेचे खरे मोल होय.