‘सगळ्यात चांगला’ ब्रेक पॅड : एका विशेषणाची तपासणी

तत्त्वज्ञानाचा मास्तर ब्रेक पॅडवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. मी बोलणार आहे ते मुख्यतः एका विशेषणावर. ब्रेक पॅड विकताना हल्ली एक दावा वारंवार ऐकू येतो : ‘सगळ्यात चांगला पॅड, रोजच्या रस्त्यावरही चालेल, रेसिंग ट्रॅकवरही चालेल.’ हा दावा तपासून पाहू.

पीटर गीच यांनी 1956 साली ‘गुड अँड ईव्हिल’ या निबंधात दाखवलं, की ‘चांगला’ हा शब्द एकटा उभा राहत नाही. ज्या नामाला तो लागतो त्याच्यावरच त्याचा अर्थ ठरतो. चांगला वस्तरा आणि चांगली कुऱ्हाड, धार दोघांनाही हवी; पण वस्तऱ्याने कोणी लाकूड फोडत नाही. तेव्हा ‘चांगला पॅड’ म्हटलं की पहिला प्रश्न : कशासाठी चांगला?

आता काम काय आहे ते बघा. ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतो. 1200 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे 4.6 लाख जूल ऊर्जा निघते. वेग 200 असेल तर दुप्पट नव्हे, चौपट. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या टोकाला प्रत्येक फेरीत असा जोराचा ब्रेक लावावा लागतो. मधल्या वेळात पॅड पुरते थंड होत नाहीत.

रस्त्यावरचा साधा पॅड थंड असतानाच पकडतो, पण फार तापला की त्याचं घर्षण घटतं. पेडल कडक लागतं, गाडी मात्र थांबत नाही. ट्रॅकच्या पॅडचं उलटं : तो तापल्यावर कामाला लागतो. थंड असताना पकड कमी, आवाज फार, आणि डिस्क लवकर झिजते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर बहुधा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. डॉट 4 दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस; ओलावा शोषल्यावरची मर्यादा 155. हा रोग वेगळा, पॅड बदलून तो बरा होत नाही.

काही जण पॅडच्या कडेवरची ‘एफएफ’, ‘जीजी’ ही अक्षरं पुढे करतात. पहिलं अक्षर कमी तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं जास्त तापमानातलं. एफ म्हणजे 0.35 ते 0.45. पण ही चाचणी सुमारे 340 अंशांपर्यंतच जाते. ट्रॅकवर पॅड त्याच्या पुढे सहज जातात. म्हणजे ती अक्षरं खोटी नाहीत, पण आपला प्रश्न त्यांना विचारलेलाच नाही.

‘आपल्याकडे घाट आहेत, मग ट्रॅकचे पॅड का नकोत?’ असंही कोणी म्हणेल. खंडाळ्याचा घाट उतरताना खालचा गिअर टाका. ते काम इंजिनाचं आहे.

दावा करणाऱ्यावर अन्याय नको. हलकी गाडी, मोजक्या फेऱ्या, मध्ये गाडी थंड होऊ देणं, एवढ्यापुरता मधला पॅड खरोखर चालतो. पण तडजोडीत काय सोडलं तेही सांगायला हवं. थंड पकड सोडली असेल, तर तिची किंमत कोण देणार? ट्रॅकवर उतरणारा धोका जाणून उतरतो. सकाळी सात वाजता शाळेच्या दारात रस्ता ओलांडणाऱ्या पोराने तुमच्या तडजोडीला संमती दिलेली नाही. आणि तुमचा त्या दिवसाचा पहिला ब्रेक कदाचित तिथेच लागणार असतो, थंड पॅडवर.

म्हणून माझं म्हणणं असं : शंका असेल तिथे कौल रस्त्याच्या बाजूने द्यावा. रोजच्या गाडीला रस्त्याचे पॅड ठेवा. ट्रॅकवर जाल तेव्हा बदला, ऑइलही ताजं भरा, आणि परतताना पुन्हा बदला. नवे पॅड आधी हलके, मग जोराचे ब्रेक लावून डिस्कवर बसवून घ्या. आणि दुकानदाराला ‘सगळ्यात चांगला कोणता?’ असं विचारू नका. ‘थंड असताना हा किती पकडतो, आणि किती अंशांपर्यंत टिकतो?’ असं विचारा. या दोन्हींचं उत्तर मिळालं नाही, तर तो पॅड घेऊ नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.