घोट्याची दुखापत व शरीराचा तोल : ‘निरोगी पाय’ या मापदंडाची चिकित्सा

खेळाडूचा घोटा मुरगळला की सूज व वेदना यांचाच विचार होतो. सूज उतरली म्हणजे खेळाडू बरा झाला, असे मानण्याची आपल्या मैदानांवरील रीत आहे. परंतु घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध हे केवळ हाडे बांधून ठेवणारे दोर नव्हेत. सांधा किती व कोणत्या दिशेने वळला, याची वार्ता चेतासंस्थेस देणारी संवेदनाग्रे त्यांत असतात. अस्थिबंधास इजा होताना तीही निकामी होतात, स्नायूंना वेळेवर सूचना मिळत नाही आणि घोटा पुनःपुन्हा दगा देतो, असे प्रतिपादन फ्रीमन, डीन व हॅनहॅम या ब्रिटिश संशोधकांनी १९६५ साली केले.

त्यांची चाचणी साधी होती. रुग्णास आळीपाळीने एकेका पायावर उभे करावयाचे व दोहोंची तुलना करावयाची. शारीरिक शिक्षणाच्या प्रबंधिकांत आजही हीच पद्धत आढळते. प्रस्तुत लेखकानेही एम.फिल.च्या वेळी खो-खो खेळाडूंचा दुसरा पाय ‘निरोगी’ गृहीत धरला होता. दोन्ही पायांतील फरक अल्प आला आणि तोलावर परिणाम होत नाही, असा निष्कर्ष लिहिला गेला. मौखिक परीक्षेत त्यावर कोणी आक्षेप घेतला नाही!

इव्हान्स, हर्टेल व सेबास्टियानेली यांचा २००४ चा अभ्यास हे गृहीतक खिळखिळे करतो. त्यांच्याजवळ महाविद्यालयीन खेळाडूंची दुखापतीपूर्वीची मोजमापे होती. त्यांच्याशी ताडून पाहता, एक घोटा मुरगळल्यावर दोन्ही पायांवरील तोल ढळल्याचे आढळले. अर्थात दोन पायांत फरक नसणे म्हणजे दोन्ही पाय ठीक असणे, असा अर्थ काढता येत नाही. शिवाय केवळ एका सांध्यातील संवेदनाग्रांच्या हानीने याचा उलगडा होत नाही. तोलाचे नियमन करणारी मध्यवर्ती चेतासंस्थाच बाधित होत असावी, असे मानावे लागते. फ्रीमन यांचा विचार त्यामुळे चुकीचा नव्हे, अपुरा ठरतो.

दुसरा आक्षेप स्थिर उभे राहण्यासंबंधी आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडला जातो, तेव्हा तो दुसऱ्या पायावर देह पेलून मध्यरेषेकडे झेपावतो. डोळे मिटून, हात कमरेवर ठेवून उभे राहण्याशी या क्रियेचे साम्य ते किती? एका पायावर उभे राहून दुसरा पाय आठ दिशांना शक्य तितका लांबवायचा, ही ‘स्टार एक्स्कर्शन’ चाचणी त्या मानाने मैदानाच्या जवळची आहे. तिला जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्या व मोजपट्टी एवढेच साहित्य लागते. मात्र मिळालेले अंतर पायाच्या लांबीने भागले पाहिजे, अन्यथा उंच खेळाडूचा तोल उगाच सरस दिसतो.

व्हेरहागेन व सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील व्हॉलीबॉलपटूंना तोल-फळीचा सराव दिला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पूर्वी घोटा मुरगळलेल्या खेळाडूंनाच त्याचा लाभ झाला. त्याच सरावात, गुडघ्याच्या जुन्या तक्रारी असलेल्यांत अतिश्रमजन्य गुडघेदुखी वाढली. तेव्हा सराव कोणास द्यावा, हे ठरविण्यासाठीही पूर्वेतिहास हवा. आणि हंगामापूर्वीच्या मोजमापांची वही आपल्या किती जिमखान्यांत आहे?